पोटाशी धरायचा ग्लव्ह

मुलीने ग्लव्हमध्ये हात घातला आणि चटका बसल्यासारखा पुन्हा बाहेर काढला. मग तिने जाळीतून आईकडे पाहिलं. झालं एवढंच. सॉफ्टबॉलच्या मैदानावर कोणाचं लक्ष नव्हतं. पंच चेंडू पँटला पुसत होता, कोचबाई ओरडून मुलींना जागेवर पिटाळत होत्या. पण सिमेंटच्या बाकावर बसलेल्या आईला एकदम वाटलं, जिना संपलेला असताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा तसं. आपलं काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं. काय चुकलं ते मात्र कळेना.

"हा इथे ठेवला होतास?" मुलीने विचारलं.

"पुसला गं बाळा. केवढा चिखल होता त्याला."

ओठ आत ओढून मुलीने हात पुन्हा त्या कातड्याच्या पंजात कोंबला आणि ती पळत दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधल्या आपल्या जागेवर गेली. तिसराच चेंडू तिच्याकडे आला, सरपटत, अगदी सोपा, झोपेतही अडवावा असा. तिने वाकून ग्लव्ह पुढे केला, पण तो मिटलाच नाही. फळीवर आपटावा तसा चेंडू त्याच्यावर आपटला आणि उडून मागे गेला. समोरच्या संघाच्या दोन मुली धावत होम बेसवर पोचल्या, दोन धावा गेल्या. "खारू, लक्ष कुठाय तुझं?" कोचबाई ओरडल्या. मुलगी चेंडू आणायला धावली तेव्हा तिचे कान लाल झालेले आईला इतक्या लांबूनही दिसले.

ग्लव्ह पुसायचं काम आईने किती मन लावून केलं होतं ते तिचं तिलाच माहीत. मघाशी आपल्या संघाची बॅटिंग आली तशा सगळ्या मुली आत आल्या, आणि खारू सरळ जाळीपाशी येऊन तिच्यासमोर उभी राहिली. खारूची आत्या थर्मास आणायला गाडीकडे गेली होती. मुलीने जाळीवरून ग्लव्ह पुढे केला आणि म्हणाली, "धर." बस, धर. दुसऱ्या शहरातून परत आल्यापासून चार महिने आई अशाच एखाद्या शब्दाची वाट बघत होती. पाण्याची बाटली आत्याकडे, केसांचं रबर आत्याकडे, गुडघा सोलवटला तर रडं आत्याकडे, आणि ती शेजारी बसलेली, लग्नघरात चुकून आलेल्या पाहुणीसारखी, हसरा चेहरा करून. त्यामुळे तिने तो ग्लव्ह दोन्ही हातांनी घेतला. आणि घेतल्यावर तिने तेच केलं जे तिचे हात बावीस-तेवीस वर्षांच्या वयापासून करत आले होते. ती दात करायची. लोकांच्या तोंडांचे साचे, मेणाच्या हिरड्या, चिनी मातीचे सुळे. परक्याच्या तोंडातून आलेली वस्तू हातात आली की आधी स्वच्छ करायची, मग पुढचं. पर्समध्ये ओले रुमाल कायम असायचे. तिने एकेक बोट पुसलं, बोटांमधली वादी पुसली, आतला घामाचा चिकटा पुसला, आणि तोंड वाऱ्याकडे करून ग्लव्ह लोखंडी कठड्यावर वाळत ठेवला. चांगला चकाकत होता. ते बघून तिला बरं वाटलं होतं, अगदी खोटं कशाला बोला, अभिमानच वाटला होता.

आत्या थर्मास घेऊन आली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आत्या म्हणजे तिच्या नवऱ्याची मोठी बहीण. अंगाने भरलेली, त्यावर दोन स्वेटर, एक कोट, वर शाल. बसायला थर्माकोलचा तुकडा, बुटात वर्तमानपत्राच्या घड्या. थंडीशी तिचं जुनं भांडण होतं आणि त्यात ती हरायची नाही. "काय झालं? तोंड का असं?" तिने विचारलं. ऐकून घेतलं. "ओल्या रुमालाने?" असं एकदा विचारलं, आणि मग एवढ्या जोरात हसली की पुढच्या बाकावरच्या बाईने वळून बघितलं. "अगं, त्या समोरच्यांच्या पोटांकडे बघ जरा."

तिने पाहिलं. समोरच्या संघाची बॅटिंग चालू होती आणि पलीकडच्या बाकांवर एकेक पोट फुगलेलं होतं. बॅटिंगचा बदल झाला की मुली धावत येत, ग्लव्ह जाळीवरून देत, आणि आया, बाप, आजोबा कोटाची बटणं सोडून तो आत सारत, पुन्हा बटणं लावत. सगळं बाक दिवस गेल्यासारखं दिसायला लागलं. थंडीत कातडं ताठतं, आत्या सांगत होती, चेंडू धरवत नाही, बोटं सुन्न पडतात, आणि पोरींना काही शेगडी देता येत नाही मैदानात. म्हणून आपली बॅटिंग असली की ज्याने त्याने आपापल्या मुलीचा ग्लव्ह पोटाशी धरायचा. कोणी ठरवलं नाही, कुठल्या तरी हिवाळ्यात सुरू झालं. "आणि हा कोरडा हवा, बये. ओला गार ग्लव्ह घालण्यापेक्षा बर्फात हात घातलेला परवडला." शेजारी बसलेला एक बाप, ज्याचे वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले तिने मागेच हेरले होते, पोटावरून हात फिरवत म्हणाला, "आमचा आठवा चाललाय." सगळे हसले. तीही हसली, दात आधी एकमेकांवर आपटले आणि मग हसू आलं.

तिचे पाय केव्हाच बधिर होऊन गेले होते. अंगातला कोट दिसायला झकास होता. तो तिने त्या दुसऱ्या शहरात घेतला होता, एका ऊबदार खोलीतून दुसऱ्या ऊबदार खोलीत जाताना घालायचा कोट. त्याला वाऱ्याची सवयच नव्हती. मैदानाच्या उघड्या बाजूने वारा यायचा तो गुडघ्यांवर बसायचा, मग बाह्यांतून वर चढायचा. आत्याने थर्मासच्या झाकणातून चहा दिला. दोन घोट घेतले तोवर तोही कोमट झाला. पुढचा बदल झाला तेव्हा तिने मान वर केली. मुली आत आल्या. खारू जाळीपाशी आली, तिच्यासमोरून दोन पावलं पुढे गेली, आणि ग्लव्ह आत्याकडे दिला. आत्याने एका हाताने बटण सोडलं, ग्लव्ह गिळला, बटण लावलं. दुसऱ्या हातातला चहा सांडलासुद्धा नाही. किती वेळा केलं असेल हे तिने. आत्याकडे बघून तिला राग यायला हवा होता, म्हणजे सोपं झालं असतं. पण आत्याने आपलं घर बंद करून, शिवणाचे वर्ग सोडून या घरात राहायला यायचं ठरवलं, ते काय कोणाचा ग्लव्ह हिसकावून घ्यायला? तिने आत्याचे पाय धरायला हवेत. ते तिला मान्यच होतं. आणि त्याच वेळी आत्याच्या त्या फुगलेल्या कोटाकडे बघवत नव्हतं, हेही खरं.

खारू. हे नावसुद्धा तिच्या मागे पडलेलं. ती गेली तेव्हा मुलीचे दुधाचे दात पडायचे होते. पुढचे नवे दोन आले ते तिने फोनच्या पडद्यावर पाहिले, तेही मुलगी हलत होती म्हणून धूसर. ते दोन इतके मोठे आणि पुढे आले की आत्या तिला खार म्हणायला लागली, मग खारुटली, मग खारू, मग शाळेत, संघात, कोचबाईंच्या तोंडात सगळीकडे खारू. दुनियेचे दात करणाऱ्या बाईच्या लेकीचे दात कोणीतरी दुसऱ्यानेच आधी पाहिले आणि त्यांना नावही ठेवलं. ती अजून बाळा म्हणते, आणि त्या शब्दावर मुलगी मान जराशी वाकडी करते, कॉलर टोचल्यासारखी.

सहा महिन्यांसाठी गेली होती ती. मोठी प्रयोगशाळा, चिनी मातीचं बारीक काम, शिकून आलीस की स्वतःचं काढता येईल, असं नवराच म्हणाला होता. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली, वर काही महिने. "सोडतच नाहीत गं," ती फोनवर सांगायची. कोणी धरून ठेवलं नव्हतं. ही गोष्ट ती कोणालाच बोलली नव्हती, रात्री उशीत तोंड खुपसूनसुद्धा नाही. तिची खोली प्रयोगशाळेला लागून होती आणि भिंतीच्या पलीकडे दात भाजायची भट्टी. दिवसभर तापायची, मग रात्रभर भिंत सावकाश निवत राहायची. पलंग भिंतीला लावून, पाठ टेकून ती झोपायची. पहिले काही आठवडे रडली. मग एका सकाळी केस विंचरताना तिच्या लक्षात आलं की काल सबंध दिवसात मुलीची आठवण आलीच नाही. तिला वाटलं, आता धस्स होईल. झालं नाही. झोप छान झाली होती, अंग हलकं होतं, आणि बाहेर तिच्या टेबलावर एका म्हाताऱ्याची खालची कवळी अर्धी राहिली होती, ती पूर्ण करायची घाई होती. तेव्हापासून फोन ठेवताना ती न चुकता म्हणायची, फार थंडी आहे गं इथे, तुझी फार आठवण येते. दोन्ही वाक्यं एका दमात, एकाला दुसऱ्याचा टेकू.

आपल्या अंगात ती ऊबच नसेल तर? बाकावर बसल्या बसल्या हा विचार तिला असा आला की तिने कोटाच्या आतून, स्वेटरच्या आतून हात घालून स्वतःच्या पोटावर ठेवला. पोट दचकून आत गेलं. हात गार होता, पोट गरम. म्हणजे होती. पण त्यात काय मोठंसं, ती प्रत्येकाच्या पोटाला असते, शेजारच्या त्या वाकड्या दातांच्या बापाच्यासुद्धा. त्यासाठी काही करावं लागत नाही. फक्त तिथे बसावं लागतं, आणि बटण सोडायची वेळ कळावी लागते. हेच तर तिला येत नव्हतं. खारू पोटात होती तेव्हासुद्धा ती प्रयोगशाळेत टेबलाला पोट लागेपर्यंत काम करत होती, आणि लोक म्हणायचे, अगं सांभाळ, आणि ती म्हणायची, आत बसलंय ना ते नीट, मी कशाला सांभाळू.

उजेड उतरायला लागला. खेळ शेवटाकडे आला होता, संघ हरत होता, दोनच धावांनी, आणि त्या दोन कुठल्या हे बाकावर कोणी बोललं नाही. आत्या एकदम उठली. शाल आवळली. "मी जरा पाय मोकळे करून येते," ती म्हणाली. "तू बस. इथेच बस." हे तिच्या डोळ्यांकडे न बघता म्हणाली, म्हणजे ठरवून. तिला कळलं. मुलींची शेवटची बॅटिंग आता येणार होती. तिने ओल्या रुमालाचं पाकीट पर्सच्या तळाशी ढकललं, वेडेपणाच तो, पण ढकललं. हात एकमेकांवर चोळले. आणि बदल व्हायच्या आधीच कोटाची वरची तीन बटणं सोडून ठेवली, ऐन वेळी बोटं चालली नाहीत तर पंचाईत नको. वारा सरळ छातीत शिरला. ती तशीच बसली, उघडी, परीक्षेला पेन काढून बसलेल्या पोरासारखी.

खारू धावत आली. जाळीपाशी थांबली. तिने आत्याच्या रिकाम्या थर्माकोलकडे पाहिलं, मागे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं. मग आईकडे, तिच्या उघड्या कोटाकडे. ग्लव्ह तिच्या हातात होता. मग तिने आपल्या जर्सीचा गळा ओढला, ग्लव्ह स्वतःच्याच आत टाकला, पोटावर दोन्ही हात आवळून धरले आणि वळली. गार कातडं अंगाला लागलं तसे तिचे खांदे वर गेले ते आईने पाहिलं. शेजारचा बाप आभाळाकडे बघायला लागला. भला माणूस.

ती उठली. पायांना जमिनीचा पत्ता नव्हता, कोणा दुसऱ्याच्या पायांवर चालल्यासारखी ती जाळीच्या कडेकडेने मुलींच्या बाकापर्यंत गेली. आईबापांनी तिथे यायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. दोनतीन मुली सरकल्या आणि बुटांच्या नाड्या बघायला लागल्या.

"दे ना इकडे," ती जाळीला तोंड लावून हळू म्हणाली. "आता माहितीये मला."

"राहू दे."

"अगं, गारठशील. तुझी बॅटिंग यायचीय."

"होतोय गरम."

"मला माहीत नव्हतं, बाळा. सांगायचंस ना मला."

मुलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चिडलेली नव्हती. धावा किती झाल्या ते सांगावं तशी म्हणाली, "आत्याला कुणी सांगितलं होतं?"

कोचबाईंनी शिट्टी वाजवून तिला मागे जायची खूण केली. ती मागे आली. बटणं लावायला गेली तर बोटं खरोखरच चालेनात. संघ हरला. खारूची बॅटिंग आली तेव्हा तिने चांगला फटका मारला, पण पहिल्या बेसवरच्या मुलीने तो अलगद झेलला, आणि टाळ्या वाजल्या त्या पलीकडच्या बाकांवर.

आत्या परत आली तेव्हा तिला न विचारता कळलं. तरी तिने आत्याला सांगितलं, मुलगी म्हणाली ते शब्द जसेच्या तसे. कोणाला तरी सांगितल्याशिवाय ते गिळवत नव्हते. आत्या पुन्हा हसली, या वेळी हळू. "खोटारडी कुठली. पहिल्या थंडीत मी काय केलं होतं माहितीये? तिने ग्लव्ह दिला आणि मी तो पिशवीत घालून चेन लावली. हरवू नये म्हणून! दुसऱ्या इनिंगला मैदानातच भोकाड पसरलं होतं तिने. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. ताट वाढलं की उचलून खोलीत."

"मग?"

"मग काय? आठवडा संपला." आत्या थर्माकोल काखेत मारून उठली. "गाडी काढते मी. तापायला वेळ लागतो तिला. तुम्ही फाटकापाशी या."

हे खरं की आत्याने तिच्यासाठी आत्ता रचलं, ते तिला ओळखता येईना. आत्या तेवढी थोर होती, आणि तेवढी विसराळूही. पण खरं धरलं तरी त्यातून सुटका होत नव्हती. तो आठवडा आत्या त्याच घरात होती. रोज ताट वाढत होती, रोज खोलीचं दार बंद होताना बघत होती. म्हणून तो संपला. तिचे असे किती आठवडे सुरूच झाले नव्हते.

फाटकापाशी दिवा होता पण लागलेला नव्हता. मुलगी आली, खांद्यावर बॅटची पिशवी, जर्सीवर कोट, चेहरा राखेसारखा. गाड्या एकेक करून निघत होत्या. दोघी शेजारी उभ्या राहिल्या, मधे एखादं माणूस मावेल एवढी जागा सोडून. ती काहीतरी बोलायचं शोधत होती, फटका छान होता, पंच आंधळा होता, असलं काहीतरी, पण मुलगीच बोलली, रस्त्याकडे बघत.

"तिथे अशीच थंडी असायची?"

हो म्हणणं अगदी जिभेवर होतं. तयारच होतं, इतक्या वेळा घासूनपुसून वापरलेलं. अशी काय, याच्या दुप्पट, खोलीत एकटी कुडकुडायचे मी. एवढं म्हटलं असतं तर मुलगी कदाचित हलली असती, ती मधली जागा थोडी कमी झाली असती. आणि मग ती जागा आयुष्यभर त्या खोट्यावर उभी राहिली असती, कच्च्या साच्यावर बसवलेल्या दातासारखी, चावलं की दुखणारी.

"नाही," ती म्हणाली. "खोली गरम असायची. भिंतीपलीकडे भट्टी होती. भिंतीला पाठ लावून झोपायचे मी. छान झोप लागायची."

मुलीने आता तिच्याकडे पाहिलं. "फोनवर तर म्हणायचीस, फार थंडी आहे."

"खोटं बोलायचे."

एक गाडी निघून गेली. तिच्या उजेडात मुलीचे ते दोन मोठे दात खालच्या ओठावर रुतलेले दिसले. बोलून बसले, आता परत घेता येणार नाही, नऊ वर्षांच्या पोरीला हे कोणी सांगतं का, हे सगळं आईच्या डोक्यातून गेलं, आणि तरी ते शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत.

"मग आलीस कशाला?" मुलीने विचारलं.

चार महिन्यांत तिने या प्रश्नाची किती उत्तरं करून ठेवली होती. सगळी मोजून मापून, कोणाच्याही तोंडात बसतील अशी. त्यातलं एकही आत्ता हाताला लागेना.

"यावंसं वाटलं," ती म्हणाली. "उशिरा वाटलं."

पिशवी एका खांद्यावरून काढून मुलीने दुसऱ्या खांद्यावर घेतली. आत्याची गाडी अजून दिसत नव्हती. वारा फाटकाच्या गजांतून येत होता आणि दोघींच्याही नाकातून पाणी गळत होतं, ते पुसायलासुद्धा हात बाहेर काढवत नव्हते. मग मुलीने खाली, आईच्या पातळ तळव्यांच्या बुटांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"पाय गेले का तुझे?"

"केव्हाच."

"आपट मग. असे." तिने खिळ्यांचे बूट फरशीवर दाणदाण आपटून दाखवले. "थांबायचं नाही. आधी दुखतात, मग येतात परत."

तिने पाय आपटला. काही कळलं नाही. दुसरा आपटला. फाटकाबाहेर पडणारी माणसं वळून बघायला लागली, वाकड्या दातांचा बापही, आणि ती तशीच त्या झकास कोटात एक पाय, दुसरा पाय आपटत राहिली, आणि घोट्यापाशी कुठेतरी पहिली कळ उठली.

"अजून जोरात," मुलगी म्हणाली.